नक्की कसली इंजिनीअर?

प्रिय ताई,

मी आंतरविद्याशाखीय अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थोडं मेकॅनिकल, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग, एक पेपर जीवशास्त्राचा, एक डिझाइनचा. प्रवेश घेताना हेच सगळं आवडलं होतं, आता तेच खुपतंय. माझा मित्र नुसत्या मेकॅनिकलला आहे. बीमचा जो प्रॉब्लेम तो दहा मिनिटांत सोडवतो, त्याला मला तास लागतो. कोडिंगमध्ये कॉम्प्युटरवाल्यांपुढे तोंड उघडायची सोय नाही. घरी कोणी आलं की विचारतात, ‘म्हणजे नक्की कसली इंजिनीअर होणार तू?’ मी काहीतरी लांबलचक सांगते, ते मान डोलावतात आणि विषय बदलतात. बाबा म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. अजून वेळ आहे, सरळ एखादी शाखा धर.

मागच्या सेमिस्टरला आमच्या पाच जणांच्या गटाने गुडघ्याच्या पट्ट्यातल्या धातूच्या पट्टीवर स्ट्रेन गेज चिकटवून ताण मोजायचा प्रोजेक्ट केला. माझ्याकडे अहवाल आणि पीपीटी आली, कारण ‘तुला सगळ्यातलं कळतं ना’. पट्टा बांधून पंधरा-वीस मिनिटं झाली की पाय स्थिर असला तरी रीडिंग आपोआप सरकायचं. सरांनी शून्य पुन्हा सेट करायला सांगितलं आणि सबमिशन झालं. मी नंतर दोन रात्री त्यावर बसले, पण हाती काही लागलं नाही.

शाखा बदलू का? अर्ज महिनाअखेरपर्यंत द्यायचा आहे.

– भाराभर चिंध्या

ता. क. पुढच्या सेमिस्टरला एकच इलेक्टिव्ह घेता येतं: उष्णतावहन किंवा उद्योजकतेची ओळख. बहुतेक सगळे दुसरं घेतायत, मार्क चांगले पडतात म्हणे.

---

प्रिय चिंध्या,

(सही तुझी आहे, मी फक्त हाक मारतेय.)

मित्राचा बीम, पाहुण्यांचा प्रश्न, बाबांची म्हण, सगळ्यांना तू पत्रात ऐसपैस जागा दिलीस. सरकणाऱ्या रीडिंगला मात्र तीन-चार ओळी. दुसऱ्यांदा पत्र वाचताना मी तिथूनच सुरुवात केली आणि उत्तरही तिथूनच देते. शाखेचं नंतर बघू.

गेज म्हणजे धातूची नागमोडी, पातळ जाळी. ताणली की तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. किती? नेहमी वापरला जाणारा एक गेज १२० ओहमचा असतो आणि त्याचा गेज फॅक्टर साधारण २. म्हणजे पट्टीची लांबी हजारात एक भाग वाढली तर रोध हजारात दोन भाग वाढतो: ०.२४ ओहम. एवढ्याशा फरकावर तुमचा सगळा प्रोजेक्ट उभा. आता गेजपासून सर्किटपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या तारा बघ. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तारांचा मिळून रोध १ ओहम धरला आणि अंगाच्या उबेने त्या १० अंशांनी तापल्या, तर ०.०४ ओहमची भर पडली. पाय जागचा हलला नाही आणि खऱ्या सिग्नलच्या सहाव्या हिश्शाएवढं काहीतरी आकड्यात येऊन बसलं. पट्टी स्वतः तापून प्रसरण पावते, ते वेगळंच.

पंधरा-वीस मिनिटं हा तुझ्याच पत्रातला पुरावा आहे. कोडमधली चूक सहसा इतकी आळशी नसते. उष्णता असते. तरी संशयित आणखी एक आहे: गेजखालचा चिकटवणीचा थर नीट वाळला नसेल, तर ताणाखाली तो हळूहळू सैलावतो. दोघांतला गुन्हेगार ओळखायला पट्टा कोणाच्याही पायाला न बांधता टेबलावर ठेव आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेव. रीडिंग सरकलं तर उष्णता. नाही सरकलं, तर खोलीच्या तापमानालाच पट्टी वाकवून, अडकवून अर्धा तास सोडून दे आणि बघत बस. उष्णताच निघाली तर उपाय जुना आणि देखणा आहे. व्हीटस्टन ब्रिज म्हणजे रोधातला बारीक फरक मोजणारं चार भुजांचं सर्किट. त्याच्या शेजारच्या भुजेत तसाच दुसरा गेज घालायचा. तारा तेवढ्याच लांब, ऊब तीच, फक्त ताण येणार नाही अशी जागा. दोन्ही सारखेच तापतात आणि ब्रिज त्यांच्यातला फरक तेवढा दाखवतो.

पाच जणांत हे कोणालाच का सुचलं नाही, याचा मी अंदाज करते. इलेक्ट्रॉनिक्सकडे ओढा असलेल्याने सर्किटमध्ये शोधलं, कोडवाल्याने कोडमध्ये, मेकॅनिकलवाल्याने पट्टी तपासली आणि तिघांनाही आपापल्या घरी सगळं आलबेल दिसलं. गडबड गुडघ्याच्या उबेत होती आणि ऊब कोणाच्याच वाट्याला दिलेली नव्हती.

मी स्वतः सरळ एका शाखेची, इलेक्ट्रिकल. त्याचा तोरा नोकरीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत टिकला. एका यंत्राच्या सांगाड्याची कंपनं मोजायची होती. आलेखात ४८ हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा दिसत होता. मेन्सची, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेची, वारंवारता ५० हर्ट्झ, तेव्हा हा तारांत शिरलेला मेन्सचा गुणगुणाट, दुसरं काय असणार? दोन हर्ट्झचा फरक मी मोजमापाच्या ढोबळपणाच्या खात्यावर टाकला. फिल्टर लावला, उंचवटा गेला, अहवाल दिला. काही आठवड्यांनी सांगाड्याच्या एका वेल्डला चीर गेली. मग एक जुने फिटर आले. त्यांनी चालू यंत्राला तळहात लावला, जरा वेळ डोळे मिटले, आणि वाळूची एक पिशवी आणून सांगाड्यावर ठेवली. ‘आता बघा तुमच्या पडद्यावर.’ फिल्टर काढून पाहिलं तर उंचवटा ४८ वरून ४४ वर सरकलेला. मेन्सला वाळूच्या पिशवीशी काही देणंघेणं नसतं. वस्तुमान वाढलं की नैसर्गिक वारंवारता खाली येते, हे पहिल्या वर्षाचं गणित मला येत होतं गं. ते माझ्या खात्याचं नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

माझं एका वेल्डवर भागलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज हा झुलता पूल १ जुलै १९४० ला खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, ताशी सुमारे ६४ किलोमीटरच्या वाऱ्यात, पिळवटून खाली पडला. मधला गाळा ८५३ मीटरचा आणि त्याला ताठ ठेवणारे कडेचे गर्डर जेमतेम २.४ मीटर उंचीचे. वाऱ्याचा स्थिर दाब हिशेबात धरला होता. पण पूल जरा पिळला की वाऱ्याचा त्यावरचा जोर बदलतो आणि त्या बदललेल्या जोराने पूल आणखी पिळतो, हे चक्र कोणी धरलंच नव्हतं. पुष्कळ पुस्तकांत याला अजूनही सरसकट अनुनाद म्हणतात, ते मला पटत नाही. बाहेरून ठेक्यात कोणी धक्के देत नव्हतं. पूल आपल्याच हालचालीतून वाऱ्याकडची ऊर्जा ओढत होता. याला फ्लटर म्हणतात. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, विमानं बनवणाऱ्यांना फ्लटर तेव्हा चांगला ठाऊक होता. पडलेल्या पुलाच्या चौकशी समितीत थिओडोर फॉन कार्मान हे वायुगतिकीतलं मोठं नाव होतं. त्यानंतर मोठ्या झुलत्या पुलांच्या प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात तपासायची पद्धत पडली. हवं ते ज्ञान जगात होतं, फक्त दुसऱ्या इमारतीत.

तुझी पदवी या दोन इमारतींमधल्या रस्त्याची आहे. म्हणून तुझे पाच-सहा विषय पाच-सहा डबे म्हणून शिकलीस तर बाबांचं म्हणणं खरं ठरेल. ते एकमेकांना कुठे चिकटतात, हे तुला कोणी वेगळा पेपर लावून शिकवणार नाही. ते तुलाच हुडकावं लागेल. कसं, याचा माझा आवडता नमुना सांगते.

१८२२ मध्ये फूरिए या फ्रेंच गणितज्ञाचा उष्णतेवरचा ग्रंथ आला. उष्णता किती वेगाने वाहते? तापमानाचा उतार जितका तीव्र तितकी वेगाने, गुणिले त्या पदार्थाचा एक स्थिरांक. १८२७ मध्ये ओहमने तोच साचा विजेला लावला: तापमानाच्या जागी विद्युतदाब. १८५५ मध्ये फिकने तो विरघळलेल्या पदार्थाच्या पसरण्याला लावला. तापमानाच्या जागी संहतीचा, म्हणजे द्रावणाच्या दाटपणाचा, उतार. हा फिक शरीरक्रियाशास्त्राचा माणूस, म्हणजे वैद्यकातला, आणि आपण फूरिए-ओहमच्या वाटेने चाललोय हे त्याने उघड सांगितलं. १८५६ मध्ये डार्सीने वाळूच्या थरातून झिरपणाऱ्या पाण्यासाठी याच घाटाचा नियम प्रयोगातून काढला. तो शहराच्या पाणीपुरवठ्याचा इंजिनीअर. चार नियम, आज चार वेगळ्या विभागांत, चार वेगळ्या अक्षरांनी शिकवले जाणारे. तुझ्या मित्राला यातला एक किंवा दोन भेटतील. तुला चारही भेटतील, आणि तिसऱ्या वेळी भेटेल तेव्हा ‘अरे, हा तर तोच’ असं वाटलं पाहिजे. तसं वाटलं नाही तर तो विषय तू फक्त पास झालीस.

तसंच वस्तुमान, स्प्रिंग आणि डॅम्पर यांचं समीकरण आणि इंडक्टर, कपॅसिटर, रेझिस्टरचं समीकरण शेजारी शेजारी लिहून बघ. एकदाच, हाताने.

पण इथेच एक सापळा आहे, आणि बाबा नकळत का होईना, तिथेच बोट ठेवतायत. समीकरण सारखं दिसलं म्हणून दोन्हीकडे ते सारखंच टिकतं असं नाही. डार्सीचा नियम पाणी हळू झिरपतंय तोवरच. वेग वाढला की बिघडतो. ओहमचा नियम डायोडला लागू नाही. नियम कुठे मोडतो हे ओळखीच्या पेपरात कळत नाही. त्यासाठी एका विषयात खोल उतरून, गणितं चुकवून, लॅबमध्ये हात पोळून घ्यावे लागतात. म्हण पुन्हा वाच: ‘एक ना धड’. तक्रार चिंध्यांबद्दल नाही, त्यात एकही धड नाही याबद्दल आहे. तेव्हा एक कापड धड ठेव. एका विषयाची साखळी पकड, ज्यात दुसरा पेपर पहिल्यावर उभा राहतो आणि तिसरा दुसऱ्यावर. तीन, जमले तर चार. कोणती साखळी? ज्या विषयाची गणितं तू गरजेपेक्षा जास्त वेळ घेऊन बसतेस ती. दोन रात्री तू कशावर बसली होतीस, हे मला पत्र वाचून कळलं. तुला लिहून कळलं नसेल तर नवल आहे. मोजमाप, सेन्सर, सिग्नल, ही तुझी साखळी दिसते. माझा अंदाज चुकीचा असू शकतो, पण उद्योजकतेवर तू एकही रात्र जागलेली नाहीस.

तुझी गुणपत्रिका काढ आणि किती विषयांच्या नावात ‘ओळख’, ‘परिचय’ किंवा ‘मूलतत्त्वे’ आहे ते मोज. पहिल्या वर्षाला पाच असले तर ठीक. तिसऱ्या वर्षाच्या यादीतही तेवढेच दिसले, तर अभ्यासक्रम तुला फिरवून आणतोय, कुठे पोचवत नाहीये.

बीमचं म्हणशील तर त्या मित्राने तसे पन्नास सोडवलेत, तू आठ-दहा. यात बुद्धीचा संबंध नाही, हात बसण्याचा आहे. तुला सगळ्याच विषयांत पन्नास सोडवणं शक्य नाही, म्हणून पन्नास कशात सोडवायचे ते निवड. मात्र चार गोष्टींत सूट नाही: रेषीय बीजगणित, विकलक समीकरणं, संभाव्यता, आणि एक प्रोग्रॅमिंगची भाषा, जिच्यात तू दुसऱ्याला न विचारता काम करू शकतेस. कुठल्याही इमारतीत शिरायला हीच किल्ली चालते.

तुझ्यासारख्यांना आणखी एक त्रास असतो, ज्याबद्दल तू लिहिलं नाहीस पण भोगत असशील. दुसऱ्या विभागाच्या वर्गात जाऊन बसायचं, आणि ज्या आधीच्या पेपरावर तो विषय उभा आहे तो तुझ्या यादीतच नाही. शिक्षक म्हणतात, ‘हे तुम्ही मागच्या सेमिस्टरला बघितलंच आहे’, आणि वर्ग मान हलवतो. अशा वेळी सेमिस्टर सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी त्या आधीच्या पेपराची जुनी प्रश्नपत्रिका मिळव आणि सोडवायला बस. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नकोस. प्रश्न अडेल तिथलं प्रकरण उघड. भोकं नेमकी कुठे आहेत ते दोन दिवसांत दिसतं, आणि ती वाटतात त्यापेक्षा कमी निघतात.

आणि एक वही कर, शब्दांची. ‘लोड’ म्हटलं की बांधकामवाल्याला वजन दिसतं, इलेक्ट्रिकलवाल्याला खेचला जाणारा प्रवाह, सर्व्हर सांभाळणाऱ्याला येणाऱ्या विनंत्या. ‘कंट्रोल’ म्हणजे यंत्राच्या माणसाला नियंत्रण, जीवशास्त्रवाल्याला प्रयोगातला तुलनेचा गट. सिग्मा हे अक्षर कुठे ताण, कुठे विद्युतवाहकता, कुठे प्रमाण विचलन. गटातली निम्मी भांडणं मी यावरून झालेली पाहिलीत. दोघंही बरोबर आणि दोघंही तावातावाने.

आता प्रोजेक्ट. याबद्दल मला जरा रागच आहे. ‘तुला सगळ्यातलं कळतं ना’ हे वाक्य ऐकलंस की सावध हो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘तू टाइप कर’ असा असतो. सगळ्यातलं कळणारी व्यक्ती गटात असेल तर तिच्याकडे द्यायचं काम वेगळं आहे: दोन भाग जिथे जुळतात तिथला कागद. सेन्सरमधून किती व्होल्ट येणार, सेकंदाला किती नमुने घ्यायचे, एकक कोणतं, शून्य कुठलं धरायचं, किती तापमानापर्यंत, किती वजन चालेल, आणि प्रत्येक ओळीपुढे कोण जबाबदार त्याचं नाव. एक पान पुरतं. कटकट वाटेल, पण १९९९ मध्ये मंगळाकडे गेलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान अशाच एका जागी गमावलं. एका गटाचं सॉफ्टवेअर आवेग पाउंड-बल सेकंदांत देत होतं, दुसऱ्याने तो आकडा न्यूटन सेकंदांत आहे असं धरलं. फरक साडेचार पटींच्या आसपास. पुढच्या गटात हे पान तू माग, आणि त्याबरोबर हाताने करायचं एक काम माग, ज्याचे आकडे तोंडी परीक्षेत फक्त तूच सांगू शकशील. पीपीटी पाचांत वाटा.

अर्जाचं. माझं मत: बीम आणि पाहुणे या दोन कारणांसाठी अर्ज देऊ नकोस. पण शाखा बदलणं कमीपणाचं आहे असंही मी म्हणणार नाही. बदलण्याची खरी कारणं असतात. तुला ज्या कामात जायचंय त्याला परवाना किंवा नोंदणी लागत असेल, जसं बऱ्याच देशांत इमारती-पुलांच्या आराखड्यांवर सही करायला लागते, तर तुझ्या पदवीचं नाव त्यात बसतं का, हे नियम काढून आत्ताच वाच. चौथ्या वर्षी कळून उपयोग नाही. पुढे शिकायचं असेल तर दोन-तीन ठिकाणच्या प्रवेशाच्या अटी बघ, कोणते विषय झालेले लागतात ते. आणि तिसरं कारण सगळ्यात साधं: तुला पाचपैकी एकाच विषयाच्या तासाला जाग येत असेल, तर तो विषय जिथे पूर्ण शिकवतात तिथे जा. तुझ्या पत्रात मला ते दिसलं नाही. तुला दोन विषयांच्या सांध्यावरची गोष्ट छळतेय. हा छळ एका शाखेत गेलीस तरी थांबायचा नाही. शेवटी अर्ज तुझा आहे, बाबांचाही नाही आणि माझाही नाही. पण बाबांशी बोलताना नुसतं ‘मला आवडतं’ म्हणू नकोस. साखळीतले तीन पेपर कोणते ते कागदावर लिहून दाखव. त्यांना ‘धड’ दिसलं की चिंध्यांचा राग निम्मा होईल.

पाहुण्यांना शाखेचं नाव सांगायच्या फंदात पडू नकोस. ‘गुडघ्याच्या पट्ट्यात बसवलेला सेन्सर अंगाच्या उबेने खोटं बोलतो, तो खरं बोलेल असं करायचं काम मी शिकतेय’ म्हण. मुलाखतीत विचारतील तेव्हाही हेच, फक्त ०.२४ ओहम आणि ०.०४ ओहम हे आकडे घालून.

राहिला ता. क. उष्णतावहन घे. मार्क कमी पडतील, पडू देत.

आणि अर्जाचा विचार करायच्या आधी पट्ट्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बघ, काय होतं ते मला कळव. माझी पैज उष्णतेवर आहे. अर्थात ४८ हर्ट्झच्या वेळीही मी इतकीच ठाम होते.

– तुझी ताई